शाल, श्रीफळ आणि मानधन

सांगलीहून मिरजेकडे जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते नाव इतकं रुळलंय की ते एका परदेशी डॉक्टरचं आडनाव आहे, हे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. विल्यम जेम्स वानलेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली ते हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं. संस्थानी मुलखातल्या त्या गावाची ख्याती पुढे दूरवर पसरली. दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून माणसं डोळ्यांच्या नि पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेचा रस्ता धरू लागली. वानलेस १९२८ साली निवृत्त झाले, त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ केलं. कैसर-ए-हिंद पदक त्याआधीच मिळालेलं होतं.

हे पदक सरकारने १९०० साली सुरू केलं होतं. सार्वजनिक सेवेसाठी, मग सेवा करणारा गोरा असो की काळा, स्त्री असो की पुरुष. दुष्काळात, प्लेगात, महारोग्यांच्या वस्तीत काम केलेल्या मिशनरी डॉक्टरांच्या छातीवर ते बरंच दिसतं. गावाकडच्या वैद्यकीय सेवेची सरकारदरबारी नोंद होण्याची ही तशी पहिलीच व्यवस्था. मात्र नोंद होण्यासाठी काही गोष्टी हाताशी लागत: पदवी, इमारत, इंग्रजीत छापलेला वार्षिक अहवाल आणि तो अहवाल वाचणारा एखादा कलेक्टर. वानलेसांचं काम मोठं होतं यात वाद नाही. पण मोठं काम आणि दिसणारं काम यांतलं अंतर तेव्हापासूनचं आहे.

कारण त्याच काळात मिरजेच्या पंचक्रोशीतलं कुठलंही मूल जगात यायचं ते सुइणीच्या हातावर. नाळ कापायची, वार पुरायची, बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग चोळायचं, शेक-शेगडी बघायची, सगळं तिच्याकडे. तिच्या कामाची बिदागी ठरलेली नसे. पायली-दोन पायली धान्य, नारळ, खण, घर बरं असेल तर लुगडं. पाचवीला सटवाईची पूजा झाली की तिला जेवू घालत, जाताना तिच्या पदरात काहीबाही टाकत. मुलगा झाला असेल तर हात जरा सैल सुटायचा. अनेक गावांत हे काम दलित बायकांकडे होतं. मूल ज्या हातांनी पहिल्यांदा उचललं ते हात सोयर फिटल्यावर त्या घरात चालत नसत. तिची गरज होती आणि तिचा मानही होता, फक्त तो दहा-बारा दिवसांपुरता.

सरकारने तिची दखल घेतली ती दोष शोधायला. लेडी डफरिन यांच्या नावाने १८८५ साली निधी उभा राहिला तो बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून. त्यानंतर लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ साली व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड सुरू झाला, तो मुद्दाम सुइणींना प्रशिक्षण देण्यासाठी. हेतू चांगला होता आणि कारणही खरं होतं. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन नवजात बाळं मरत होती. पण त्या काळच्या कागदपत्रांत दाई येते ती घाण, अडाणी आणि आरोपी म्हणून. अडलेलं मूल फिरवण्याचं, बाईला धीर देण्याचं जे कसब तिच्यापाशी होतं, त्याला सरकारी कागदावर रकानाच नव्हता.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातली. पन्नाशीच्या दशकात सामूहिक विकास योजनेबरोबर केंद्रं उभी राहू लागली. इमारत झाली, पाटी लागली, डॉक्टरची नेमणूक झाली, आणि डॉक्टरने पहिल्याच महिन्यात बदलीचा अर्ज टाकला. ही गोष्ट इतक्या तालुक्यांत घडली की तिला विनोद म्हणावं की धोरण, हे ठरवणं कठीण जावं. एकटा मुक्काम, मुलांच्या शाळेचा प्रश्न, औषधांचा तुटवडा अशी कारणंही खरीच होती.

या पार्श्वभूमीवर १९७० साली एक डॉक्टर जोडपं जामखेडला येऊन राहिलं. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, मेबल जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघं बरोबर शिकले. लग्नानंतर नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षं काढली आणि तिथे एक गोष्ट त्यांना खटकत राहिली. बरा करून घरी पाठवलेला रोगी काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले ते थेट पर्जन्यछायेतल्या या कोरड्या तालुक्यात. दवाखाना सुरू झाला गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत. १९७१ च्या पाहणीत त्या भागातला बालमृत्युदर निघाला हजारी १७६. जन्मलेल्या सहा मुलांपैकी एक पहिला वाढदिवस बघत नव्हतं.

आरोळ्यांचा पहिला बेत फसला. प्रशिक्षित नर्सला गावात मुक्कामी ठेवायचं असं ठरलं होतं. नर्स म्हणजे विशी-बाविशीची परकी पोर. एकटीने खेड्यात राहायला ती धजेना, आणि तिने सांगितलेलं ऐकायला गावातल्या सासवा तयार होईनात. तेव्हा गावकऱ्यांशी बोलताना उपाय पुढे आला: आमच्यातलीच एखादी बाई शिकवा की. मग गावागावांनी बायका निवडल्या. मध्यमवयीन, बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करत. सगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत जेवायचं, एका खोलीत जमिनीवर अंथरुणं टाकायची, हाही अभ्यासक्रमाचाच भाग. कुणी तो फळ्यावर लिहिला नव्हता एवढंच.

शिकवलं काय? जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं. बाळाचं वजन कसं घ्यायचं आणि ते वाढत नसेल तर आईशी काय बोलायचं. महारोगाचा चट्टा कसा ओळखायचा, क्षयाचा खोकला कुठला. नाळ कापायला उकळलेलं पातं आणि दोरा. गरोदर बाईचा पाय सुजला, डोकं ठणकलं तर जामखेडला कधी धाडायचं. अक्षर येत नव्हतं म्हणून सगळं तोंडी, गाण्यांतून, फ्लॅश कार्डांतून, पुन:पुन्हा घोकून.

खरी अडचण शिकण्याची नव्हती, मानलं जाण्याची होती. काल आपल्या शेतात खुरपायला येणारी, आपल्या ओसरीखाली उभी राहणारी बाई आज सुनेला सल्ला देणार, हे गावाच्या पचनी पडणं सोपं नव्हतं. इथे आरोळ्यांनी एक पथ्य पाळलं. डॉक्टरांची गाडी गावात आली की निदान आधी त्या बाईला विचारायचं, तेही चारचौघांत, आणि रोगी बरा झाला की श्रेय तिच्या पदरात टाकायचं. डॉक्टरने स्वतःचा मोठेपणा असा जाहीरपणे वाटून देणं हा त्या प्रकल्पातला कदाचित सगळ्यात अवघड उपचार होता. वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकवत नाहीत.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा औषधांपेक्षा पाण्याची आणि अन्नाची निकड मोठी होती. बोअर घ्यायचे ठरले. आरोळे एक किस्सा सांगत. पाणी कुठे लागेल हे दाखवणाऱ्या भूगर्भतज्ज्ञाशी त्यांनी संगनमत केलं आणि पाण्याच्या जागा दलित वस्तीतच ‘सापडू’ लागल्या. सवर्णांच्या बायका हंडे घेऊन त्या पंपावर यायला लागल्या. विज्ञानाचा असा वापर कुठल्या पाठ्यपुस्तकात बसतो कोण जाणे, पण त्या तालुक्यात तो लागू पडला. पाच वर्षांत, १९७६ पर्यंत, जामखेड प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्युदर १७६ वरून ५२ वर आला होता.

जगाने दखल घ्यायला सुरुवात केली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं. १९७८ साली अल्मा-आता इथल्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, त्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचाच अनुभव होता. १९७९ साली रजनीकांत आणि मेबल यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गावातल्या बायकांचं काय? त्यांना गावातल्या कामासाठी पगार नव्हता. त्यावर आरोळ्यांची भूमिका ठाम होती: पैशासाठी काम करणारी बाई गावाची राहत नाही, सरकारची होते. त्याऐवजी कोंबड्या, शेळ्या, बांगड्यांचा धंदा यासाठी कर्ज आणि शिक्षण मिळे. हा युक्तिवाद अजूनही वादाचा आहे. जामखेडमध्ये तो निभावला, कारण बाईला तिथे इतर बरंच काही मिळत होतं. हातात स्वतःचा पैसा, बायकांच्या मंडळाचा आधार, दवाखान्याच्या डॉक्टरशी थेट बोलण्याचा हक्क. पुढे सरकारने फुकट किंवा जवळजवळ फुकट कामाचा भाग उचलला आणि बाकीचं जामखेडलाच ठेवलं.

१९८८ साली वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्यावर एक परिषद भरली होती. जामखेडच्या मुक्ताबाई पोळ तिथे बोलायला उभ्या राहिल्या. आपल्या गावात आरोग्यसेविका म्हणून काम करणारी, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेली बाई, आणि समोर जगभरचे तज्ज्ञ. त्यांनी सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवलं. डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि आमच्या हाताला न लागणारे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग पिशवीतून दोन साध्या वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावरून दुसरा. श्रोते उभे राहिले, टाळ्या बराच वेळ चालल्या. ही गोष्ट सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत आजही सांगतात. एक चमत्कारिक भाग मात्र त्यात निसटून जातो. त्या परिषदेत मुक्ताबाईंनी शोभेचं भाषण केलं नव्हतं, त्यांनी आपला हुद्दा सांगितला होता.

दरम्यान दिल्लीतही हालचाल झाली होती. जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर आरोग्य रक्षकांची योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पन्नास रुपये मानधन आणि पन्नास रुपयांची औषधं. निवड गावाने करायची होती, म्हणजे व्यवहारात बहुतेक ठिकाणी सरपंचाने, आणि सरपंचाने निवडलेले बहुतेक पुरुष होते. बाळंतपण आणि बाळांचे आजार हा कामाचा गाभा, आणि तो सांभाळायला नेमलेल्याला बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवता येत नाही! योजनेचं नाव दोनदा बदललं, रक्कम मात्र बराच काळ पन्नासच राहिली.

त्याच दशकात मांडव्याला, मुंबईच्या समुद्रापलीकडे, प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी गावातल्या बायकांना घेऊन असाच प्रयोग मांडला. बायका तयार झाल्या, गावं त्यांच्याकडे येऊ लागली. अडचण झाली ती इतरांची. स्थानिक पुढारी, खासगी डॉक्टर आणि सरकारी आरोग्ययंत्रणा यांना गावातली साधी बाई औषध देते, हे मानवलं नाही आणि अखेर प्रकल्प गुंडाळावा लागला. अंटियांना १९९० साली पद्मश्री मिळाली. मांडव्याच्या बायका ज्या यंत्रणेच्या डोळ्यांत खुपल्या, त्याच यंत्रणेने एका अर्थी त्यांच्या कामाचा दर्जा मान्य केला होता. बिनकामाच्या माणसाला कुणी विरोध करत नाही.

सगळे डॉक्टर बदलीच्या अर्जाचे नव्हते हेही सांगायला हवं. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, मेळघाटात बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे. यांच्याविषयी मराठीत इतकं लिहिलं गेलंय, आमट्यांवर सिनेमाही निघालाय, की इथे नाव घेऊन पुढे गेलं तरी चालेल. त्यामानाने महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट सामान्य वाचकापर्यंत उशिरा पोचली.

बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातले. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. कोकणातल्या त्या पट्ट्यात लाल विंचू चावला की माणूस, विशेषतः लहान मूल, काही तासांत जायचं. अंग थंड पडायचं, दरदरून घाम फुटायचा, छातीत पाणी भरून तोंडाला फेस यायचा. दवाखान्यात आणलेल्या गंभीर रोग्यांतले शंभरातले तीस-चाळीस हाताला लागत नसत. उतारा घालणारे मांत्रिक होतेच, आणि पुस्तकात तरी यापेक्षा फारसं काय होतं? बावस्करांनी उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. विंचवाचं विष रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदय थकवतं, हे त्या नोंदींतून स्पष्ट होत गेलं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली, ‘लॅन्सेट’ने तेही १९८६ साली छापलं, आणि मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. पद्मश्री आली २०२२ साली. लंडनच्या नियतकालिकाने बिरवाडीच्या डॉक्टरला ओळखल्यावर दिल्लीला चाळीस वर्षं लागली.

सरकारी दवाखान्यातल्या साध्या माणसांसाठी सन्मान अजिबात नव्हते असं नाही. १९७३ पासून परिचारिकांना राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार मिळतो आणि त्यात उपकेंद्रातल्या एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकाही असतात. राज्याच्या आरोग्य खात्याचा डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा पुरस्कार आरोग्य केंद्रांना आणि उपकेंद्रांना मिळतो. २०१५ पासून ‘कायाकल्प’ पुरस्कार आहे, त्यात स्वच्छतेला गुण असतात. पाहणी पथक येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात. त्या निमित्ताने का होईना दवाखाना झाडला जातो, हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण रात्री अडीच वाजता फोन उचलणाऱ्या बाईला गुण देणारा तक्ता कुणी केलेला नाही.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याने ‘सर्च’ या आपल्या संस्थेचं काम १९८६ मध्ये सुरू केलं. १९८९ साली राणी बंगांचा वसा आणि अमिर्झा या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला: तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. ज्या दुखण्याविषयी बायका एकमेकींतही दबक्या आवाजात बोलत, ते आकड्यांत मांडलं गेलं. ‘सर्च’च्या शोधग्राममधला दवाखाना आदिवासींना विचारून बांधला, त्यांच्या वस्तीसारखा, आणि त्याला नाव दिलं त्यांनी सुचवलेलं, माँ दंतेश्वरी. मिरजेला वाडीला डॉक्टरचं नाव पडलं. इथे डॉक्टरांनी आपल्या दवाखान्याला लोकांच्या देवीचं नाव लावलं. शंभर वर्षांत निदान काही डॉक्टरांची नजर एवढी बदलली होती.

पण बंगांच्या कामातली पाहण्यासारखी वस्तू म्हणजे एक लहानसं उपकरण. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती, हे मोजावं लागतं. गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नसत. मग एका पट्टीवर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत राहायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू सरायच्या आत ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया. दहा मोजता आलं की पुरे. शतकभर जिला अडाणी म्हणून हिणवलं तिच्या हातात निदान आलं, आणि त्यासाठी तिला बदलावं लागलं नाही, यंत्र तिच्या मापाचं झालं.

त्याच्या पुढची पायरी नवजात बाळांची. १९९० च्या दशकात ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ बायका तयार केल्या. बाळ जन्मल्यापासून महिनाभर त्या घरी जात, वजन घेत, ताप-श्वास बघत, गार पडलेल्या बाळाला ऊबदार पिशवीत घालत, जन्मतः न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देत, आणि जंतुसंसर्ग असेल तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. गावातली बाई इंजेक्शन देते म्हटल्यावर डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २००३ साली बंग दांपत्याला महाराष्ट्र भूषण मिळाला, २०१८ साली पद्मश्री.

२०१८ च्या त्याच पद्मश्रींच्या यादीत कर्नाटकातल्या पावगडच्या सुलगित्ती नरसम्मा होत्या. ‘सुलगित्ती’ म्हणजेच सुईण. पदवी नाही, दवाखाना नाही, अहवाल नाही; सत्तरेक वर्षांत पंधरा हजारांवर बाळंतपणं, तीही फुकट. नव्वदी उलटलेल्या बाईंनी राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. लेडी कर्झनच्या फंडानंतर ११५ वर्षांनी दाईच्या कसबाला सरकारी रकाना मिळाला, तोही अशा वेळी की दाईचं काम सरकारनेच जवळपास मोडीत काढलं होतं. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेपासून बाळंतपण दवाखान्यातच व्हावं असं धोरण आहे. त्याने आयांचे जीव वाचले, हे खरं. पण दाईची गरज सरली तेव्हा तिचा सत्कार झाला, हेही तितकंच खरं.

दाईच्या जागी आली आशा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ ला सुरू झालं आणि हजार वस्तीमागे एक आशा नेमली गेली. त्याच गावची सून, शक्यतो आठवी-दहावी शिकलेली. जामखेडचा आणि गडचिरोलीचा धडा एवढा तरी गिरवला होता की ती बाई असावी आणि गावातली असावी. पगार नाही. कामागणिक मोबदला, कागदोपत्री ती स्वयंसेविका. २०११ पासून गडचिरोलीची घरोघर नवजात-सेवेची पद्धत देशभरच्या आशांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. सगळ्या भेटी झाल्या, फॉर्म भरला, एएनएमने तपासला की एका बाळामागे २५० रुपये. एक भेट चाळीस-बेचाळीस रुपयांना पडते. पाड्यावर जाणारी वडाप जीप तेवढे घेते.

कोरोना आला तेव्हा सत्कारांचा पूरच लोटला. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशभर थाळ्या वाजल्या, ३ मेला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं उधळली. फुलं शहरातल्या मोठ्या रुग्णालयांवर पडली. गावात आशा दारोदार फिरत होत्या, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात तापमान आणि ऑक्सिजन मोजत होत्या, काही ठिकाणी शिव्या नि धक्काबुक्की झेलत होत्या. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या काठी चिमलखेडीची अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पलीकडच्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांपर्यंत आणि बाळांपर्यंत आहार पोचवत होत्या. त्यांची बातमी झाली, फोटो सगळीकडे फिरले. शेकडो जणींची झाली नाही.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा संपावर गेल्या. वाढ मिळाली महिन्याला हजार रुपये, वर पाचशे कोविड भत्ता. वर्षभराने, २२ मे २०२२ ला जीनिव्हात जागतिक आरोग्य सभेच्या उद्घाटनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी सहा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार जाहीर केले, त्यातला एक भारतातल्या दहा लाखांवर आशांना मिळून होता. त्या यादीत अफगाणिस्तानात गोळ्या घालून मारलेले आठ पोलिओ कार्यकर्तेही होते. मुक्ताबाई वॉशिंग्टनला उभ्या राहिल्या त्याला ३४ वर्षं झाली होती, आणि आता एक अख्खा हुद्दाच सन्मानित झाला होता. पुढाऱ्यांची अभिनंदनं आली. पंचायत समित्यांत सत्कार झाले: शाल, श्रीफळ, कुठे साडी, कुठे फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. पाचवीला सुइणीच्या पदरात पडायचं त्यापेक्षा यादी फार वेगळी नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा पुन्हा संपावर गेल्या. राज्य सरकारने दरमहा सात हजारांच्या वाढीचं आणि दिवाळीला दोन हजारांच्या भेटीचं आश्वासन दिलं, संप मिटला. आश्वासनाचा शासन निर्णय, म्हणजे जीआर, काही निघेना. १२ जानेवारी २०२४ पासून काम पुन्हा थांबलं, आणि फेब्रुवारीत जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या आशांनी मुंबईच्या आझाद मैदानात मुक्काम ठोकला. गुलाबी साड्या, कडेवर पोरं, शिदोरी संपली की वडापाव. भाषणात कुणी जीनिव्हाच्या पुरस्काराचा उल्लेख केला की टाळ्या पडत, आणि पाठोपाठ घोषणा येई ती जीआरची. मार्चमध्ये मंजुरी आली, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. आश्वासन सात हजारांचं होतं, वाढ पाच हजारांची झाली.